पुस्तक जीटीके २ चं, मशीनवर जीटीके ४

त्या नऊ दिवसांची चीड अजून गेलेली नाही.

लिनक्सवर खिडक्या-बटणांचं ॲप्लिकेशन लिहायचं होतं. फाइल, प्रोसेस, सिग्नल हा भाग युनिक्सवरच्या एका जुन्या जाडजूड पुस्तकातून शिकलो होतो. त्यातली फोर्क, ओपन, रीड ही फंक्शन्स आजही जशीच्या तशी चालतात. म्हणून खिडक्या-बटणं बनवायची जी लायब्ररी (तयार कोडचा संच), त्या जीटीकेचं जुनं पुस्तकही डोळे झाकून घेतलं. मुखपृष्ठावर आवृत्तीचा आकडा नव्हता. तो प्रस्तावनेत दडला होता, आणि प्रस्तावना मी वाचलीच नाही.

पहिला प्रोग्रॅम फक्त एका रिकाम्या खिडकीचा. 'जास्त आर्ग्युमेंट्स' अशा दोन एरर आल्या, त्या काढल्या. मग लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा टप्पा) अडला: अनडिफाइन्ड रेफरन्स टू जीटीके_मेन, म्हणजे या नावाचं फंक्शन सापडत नाही.

असा मेसेज आला की माणूस लायब्ररी जोडली गेली नाही असंच समजतो. मीही तेच समजलो. कमांडमध्ये लायब्ररी सोर्स फाइलच्या नंतर लिहावी लागते (हे कायमचं लक्षात ठेवा), तो क्रम तपासला. डेव्हलपमेंट पॅकेज काढून पुन्हा टाकलं. लायब्ररीची माहिती देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या कमांडचं आउटपुट अक्षर न् अक्षर वाचलं. सगळं बरोबर, एरर तीच.

नवव्या दिवशी आउटपुट वर सरकवून पाहिलं, तर लिंकरच्या आधी एक वॉर्निंग होती: इम्प्लिसिट डिक्लरेशन. म्हणजे हेडरलाच (लायब्ररीतली फंक्शन्स जाहीर करणाऱ्या फाइलला) हे फंक्शन ठाऊक नव्हतं! जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून इथे थेट एरर येते. माझा कंपायलर जुना होता. हेडर फाइल्स ग्रेप या शब्द शोधायच्या कमांडने चाळल्या. जीटीके_मेन कुठेच नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ मधून ते काढूनच टाकलंय, आणि अधिकृत स्थलांतर मार्गदर्शिकेत तसं स्वच्छ लिहिलंय. पुस्तक २००२ मध्ये आलेल्या जीटीके २ वरचं.

पुढचं तासाभरात झालं. जीटीके_मेनऐवजी जीटीकेॲप्लिकेशन बनवलं, ॲप सुरू झाल्यावर येणाऱ्या त्याच्या 'ॲक्टिव्हेट' सिग्नलला फंक्शन जोडलं, त्यात खिडकी प्रेझेंट केली, म्हणजे दाखवली. ती उघडली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पुस्तक घेण्याआधी 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन जीटीके४' चालवून आपल्याकडची आवृत्ती बघा आणि प्रस्तावनेतल्या आकड्याशी ताडून पाहा.

ते पुस्तक मात्र मी टाकलेलं नाही. जीटीकेच्या पायाशी असलेल्या जीऑब्जेक्टचं रेफरन्स काउंटिंग (एखादी वस्तू किती ठिकाणी वापरात आहे ते मोजणं) त्यात फार नीट समजावलंय, आणि तो भाग आजही लागू आहे.