होडीच्या तळाला नवं प्लाय बसवताना

आमची होडी प्लायची, १४ फुटी. शिवोलीहून बाबा तिच्यातून शापोरा नदीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातात. एप्रिलमध्ये तळाला अंगठा दाबला, तर आत रुतला. पटाशीने खरवडल्यावर दिसलं की पाणी कडेतून शिरून थराथरांत मुरलं होतं. वरचा रंग मात्र शाबूत.

आणलेल्या ६ मिमी प्लायवर आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का होता. त्या मानकाच्या चाचणीत मरीन प्लाय ७२ तास उकळतात. मी एक तुकडा पातेल्यात टाकला आणि दोन तासांतच त्याचे पापुद्रे सुटले. प्लाय परत केलं. दुसऱ्या दुकानातला तुकडा दिवसभर उकळूनही तसाच राहिला, तेव्हाच कापायला घेतलं.

पट्टा दहा फुटांचा हवा होता आणि शीट आठ फुटांची, म्हणजे जोड आलाच. जाडीच्या आठपट, म्हणजे ४८ मिमी लांबीचा उतार दोन्ही तुकड्यांना द्यायचा आणि उतारावर उतार चिकटवायचा होता. शेजारच्या मेस्तकाकांनी तुकडे एकावर एक, ४८ मिमी मागे सरकवून ठेवायला लावले आणि एकाच वेळी रंधायला सांगितले. रंधा चालू लागला की थर गडद-फिकट पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्ट्या सरळ तर उतार सरळ. पट्टी वाकली की तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे असं समजायचं. मला हे फार आवडलं, गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) गरजच पडत नाही. गोंदाचे थर कठीण असतात, त्यामुळे पातं मात्र चार वेळा परजावं लागलं.

उतारावर आधी पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) पाजलं, मग भुसा कालवलेलं घट्ट लावलं. शिकंजा मी जोरात आवळणार, तोच काका म्हणाले, "हळू रे, सगळं पिळून बाहेर येईल, मग धरणार काय?"

कडांना एपॉक्सीचे तीन हात दिले. मे महिन्यातली दमट हवा. सकाळी हात लावला तर वर तुपकट थर. तसाच घासला असता तर तो आत दबून रंग सुटला असता. साध्या पाण्याने, भांड्यांच्या घासणीने धुतला, वाळू दिला, मग १२० चा पेपर मारला. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर रंग हवाच.

पहिल्या फेरीला बाबांनी जोडावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. परतल्यावर त्यांनी ते घडी घालून माझ्या हातात दिलं, कोरडं.