सीताफळाची चौदा गुणसूत्रे

अंबाजोगाईला वनस्पतिशास्त्र शिकवताना पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक मी दरवर्षी कांद्याच्या मुळांवरच घेत आले, कारण कांद्याची गुणसूत्रे चांगली मोठी असतात आणि नवख्या विद्यार्थ्यालाही ती १६ मोजता येतात. या वर्षी मात्र बालाघाटातल्या सीताफळांच्या बिया मी मुद्दाम जपून ठेवल्या. डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी वाचताना त्यांच्या चरित्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले होते, त्याचा हा परिणाम.

कर्करोगाच्या संशोधक म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या या मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण तिने फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेतले आणि पुढे १९४३ साली पुण्याच्याच कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. त्या पदवीसाठी त्यांनी अभ्यास केला तो सीताफळ-रामफळाच्या कुळाच्या पेशी-आनुवंशशास्त्राचा, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांचा आणि आनुवंशिकतेचा. चरित्रलेखक ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जातात. मला ती इतकी किरकोळ वाटत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधला बारीक फरक ओळखण्याची नजर अशाच कामात तयार होते, मग ती पेशी सीताफळाची असो की उंदराची.

आमच्याकडे घरातल्या कोणाला कर्करोग निघाला की 'टाटाला नेलंय' एवढेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला सारे कळते. त्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली रणदिवे यांचे खरे संशोधन सुरू झाले आणि १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या काळात स्तनांच्या कर्करोगाबद्दल एक विलक्षण कोडे संशोधकांपुढे होते. उंदरांच्या काही जातींत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसे, म्हणून तो केवळ आनुवंशिक असावा असे वाटे. पण अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले की अशा जातीची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. दुधातून जाणारा तो घटक म्हणजे एक विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले. रणदिवे यांनी उंदरांच्या चार जातींच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडण्याच्या कामाला आयुष्याचा मोठा भाग दिला. गाठ उठल्यानंतरची पेशी सगळेच पाहत होते. गाठ उठण्याआधीची पेशी पाहण्याचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

डॉक्टरेटनंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. हेनरिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून १९५१ साली 'हीला' ही अखंड वाढणारी पेशीमालिका तयार झाली ती याच प्रयोगशाळेत. आमच्या भागात 'टिश्यू कल्चर' म्हटले की अर्धापूरकडची केळीची रोपे डोळ्यांसमोर येतात. वनस्पतीच्या चिमूटभर ऊतीपासून पूर्ण रोप उभे राहते, तसे प्राण्याच्या पेशीचे होत नाही. तिला ३७ अंशांची ऊब, रक्तद्रवाचे पोषण आणि कमालीची निर्जंतुकता द्यावी लागते, आणि एखादी बुरशी शिरली तर कित्येक आठवड्यांचे काम एका रात्रीत वाया जाते. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली; देशातली ती पहिलीच मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालकही होत्या. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवर त्यांनी काम केले, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. तरीही त्यांचा प्रभाव मोजायचा झाल्यास मी निबंधांच्या आधी ती प्रयोगशाळा धरीन. कर्करोगाची जिवंत पेशी आपल्याच देशात वाढवून तिच्यावर प्रयोग करता येतो, हे तिथे शिकलेल्या तरुणांनी हाताने करून पाहिले. निबंध जुना होतो, हातात बसलेले तंत्र मात्र विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाते. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या १९७३ मधील स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता, आणि निवृत्तीनंतर त्या ग्रामीण भागातल्या स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देत राहिल्या.

आमच्या बिया ओल्या गोणपाटात बरेच दिवस तशाच पडून राहिल्या, कारण त्यांचे कवच फार टणक असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिले पांढरे मूळ दिसले. त्याचे दोन मिलिमीटरचे टोक कापून, गुणसूत्रे रंगवणाऱ्या ॲसिटोकार्माइनच्या थेंबात ठेवून, कव्हरस्लिपवर अंगठ्याने दाबून केजजवळच्या एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीने स्लाइड बनवली. सीताफळाची गुणसूत्रे कांद्याच्या मानाने फारच लहान. तिने मोजली ती १३ भरली. मी काही बोलले नाही, फक्त बारीक स्क्रू थोडा फिरवायला सांगितले. एका गुणसूत्राखाली दुसरे आडवे पडले होते. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजून १४ हा आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली चौदाही गुणसूत्रे जशी दिसली तशी पेन्सिलीने काढली.