डिकन्सन रोडवरचा बुधवार

मँचेस्टरला लेकीकडे बारा दिवस राहिले. त्यातले दोन दिवस लेक डिस्ट्रिक्ट या तळ्यांच्या भागात गेले, एक लिव्हरपूलमध्ये, बाकीचे तिच्या खोलीत पोळ्या लाटण्यात आणि कपडे वाळवण्यात. तळ्यांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झालेत, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही. मला लिहायचंय ते मँचेस्टरच्या रशोम भागातल्या एका पाऊण तासाबद्दल.

पिकॅडिली गार्डन्सला 142 नंबरची बस पकडली. कुठेही उतरा, दोन पाउंड. विद्यापीठ मागे पडलं की विल्म्झलो रोडवर सुरू होते ती प्रसिद्ध ‘करी माइल’. कबाब, शावरमा, मिठाई, हुक्का, एकाला एक चिकटून दुकानं. लोक हौसेने जातात, पण मला तो धूर आणि कलकलाट सोसला नाही. घरच्या जेवणाची आठवण येईल असं तिथे काही मिळालंही नाही. लेक म्हणाली, “आई, जरा पुढे चल. तुला एक जागा दाखवायचीय.”

डाव्या हाताला डिकन्सन रोडला वळलो आणि आवाज मागे राहिला. साधी घरं, ओली झाडं, कचऱ्याचे डबे ओळीने बाहेर काढलेले. त्यात तो एक स्मृतिफलक. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा बीबीसीचा पॉप संगीताचा कार्यक्रम इथून सुरू झाला होता. 1 जानेवारी 1964, बुधवार, संध्याकाळी 6:35.

बुधवार वाचलं आणि मी थांबलेच. आमच्याकडे सांगलीला बुधवार म्हणजे रात्री आठला रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमाला. अमीन सायानी एकेक पायदान चढवत न्यायचे आणि बाबा वहीत क्रमांक लिहून घ्यायचे. पहिल्या क्रमांकाचं गाणं लागेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्येही तेच. यादीत खाली घसरणारं गाणं घ्यायचं नाही, आणि शेवट नेहमी पहिल्या क्रमांकाने. गायक कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे, गाणं तबकडीवरून वाजायचं, आणि ती तबकडी लावणारी मुलगीसुद्धा पडद्यावर दिसायची. पहिल्याच दिवशी रोलिंग स्टोन्स आणि हॉलीज हे बँड, शिवाय गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड. पहिल्या क्रमांकावर बीटल्स, पण ते स्वतः आले नव्हते, त्यांची फिल्म दाखवली. सहा भागांपुरता ठरवलेला कार्यक्रम 2006 च्या जुलैपर्यंत दर आठवड्याला चालला.

आणि हे सगळं एका चर्चमध्ये! मेथडिस्टांचं वापरात नसलेलं प्रार्थनाघर 1947 मध्ये मँक्युनियन फिल्म कंपनीने घेतलं आणि तिथे विनोदी सिनेमे काढले. लोक त्या जागेला ‘जॉलीवूड’ म्हणायचे. 1954 मध्ये ते बीबीसीने घेतलं. लंडनबाहेरचा त्यांचा हा पहिला टीव्ही स्टुडिओ. 1966 मध्ये कार्यक्रम लंडनला गेला आणि 1975 मध्ये इमारत पाडली. आता तिथे लोक राहतात.

आम्ही फलकासमोर रेंगाळत होतो, तेवढ्यात चाकांची पिशवी ओढत एक आजीबाई आल्या. ऐंशीच्या आतबाहेर असाव्यात. डोक्याला पारदर्शक प्लास्टिकचा रुमाल बांधलेला, हनुवटीखाली घट्ट गाठ. आमच्याकडे बघून म्हणाल्या, “दार इथे नव्हतं, लव्ह. तिथे होतं.” आणि काठीने पलीकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

बहिणीला प्रवेशाचा पास मिळाला होता, यांना नाही. त्या बाहेर थांबल्या, मैत्रिणीबरोबर, एका कोटात दोघी. आतला आवाज बाहेर येत नव्हता. गाड्या आल्या की सगळ्या मुली धावायच्या, आणि बहुतेक वेळा उतरणारा माणूस तंत्रज्ञ निघायचा. एकदाच डस्टी स्प्रिंगफील्ड दिसली. “केस किती उंच बांधले होते, आणि काळं काजळ इथपर्यंत,” म्हणत त्यांनी स्वतःच्या सुरकुतलेल्या पापणीवरून बोट ओढलं, थेट कानशिलापर्यंत. त्या क्षणी समोर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

मी विचारलं, पहिला कार्यक्रम कोणी सादर केला? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “त्याचं नाव मी घेत नाही.” लेकीने मला नंतर बसमध्ये सांगितलं. जिमी सॅव्हिल. 2011 मध्ये तो गेला आणि वर्षभरात उघड झालं की त्याने शेकडो जणांवर, त्यात लहान मुलंही, अत्याचार केले होते. माझ्या पोटात कालवलं. तिथे फलकापाशी त्या गप्प झाल्यावर मला पुढे आणखी काही विचारावंसंच वाटलं नव्हतं, पण त्या आपणहून म्हणाल्या, “बहीण आत होती. ती नाचताना दिसते का बघायला मी फार शोधलं. काही नाही.”

नाहीच मिळणार. त्या पहिल्या कार्यक्रमाचं चित्रण आज कुठेही नाही. साठच्या दशकातले बहुतेक भाग गेले. व्हिडिओ टेप महाग असायची, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घ्यायचे. बीटल्स 1966 च्या जूनमध्ये एकदाच स्टुडिओत येऊन प्रत्यक्ष सादर झाले, तेही पुसलं. 2019 मध्ये सापडली ती एका घरात टीव्हीच्या पडद्यावरून आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपलेली दीड मिनिटाची मूक फिल्म. एका कुटुंबाने हौसेने कॅमेरा फिरवला म्हणून तेवढं तरी राहिलं. एवढी मोठी संस्था, आणि तिला ते राखता आलं नाही याचा मला खरंच राग येतो. बाबांची गीतमालेची वहीसुद्धा घर बदलताना रद्दीत गेली. ते आठवून तिथे उभी असताना डोळे भरून आले.

लेकीने विचारलं, “तुमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का?” आजीबाईंनी रुमालाची गाठ सारखी केली, काठी पिशवीला टेकवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. थंडी, कोट, पास, गाड्या, काजळ. या वेळी बहीण कुठला फ्रॉक घालून गेली होती तेही आलं, हिरवा, बाही नसलेला, आईने शिवलेला. सांगून झाल्यावर “थंडी वाढली, लव्ह” म्हणून निघाल्या. नाव विचारायचं राहिलं.

काल सांगलीत परत ऐकलं. चार मिनिटं अकरा सेकंद. मध्ये एक बस जाते, तेव्हाचे दोन-तीन शब्द कळत नाहीत, आणि ते नेमके बहिणीबद्दलचे आहेत.