त्रिरश्मीच्या डोंगरावर ‘जर्नल ऑफ द व्हिल्स’

नाशिकला ताईकडे गेले की एक सकाळ त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांसाठी राखून ठेवायची, हा माझा जुना शिरस्ता. या वेळी अकरावीतला भाचा सोबत होता. आग्रा रोडला पायथ्याशी रिक्षा सोडली आणि पायऱ्या चढायला लागलो. थोडं चढून झाल्यावर त्याने विचारलं, “मावशी, ‘स्टार वॉर्स’मधल्या जेडायांचे, त्या योद्धे-साधूंचे, जुने ग्रंथ ‘लास्ट जेडाय’ सिनेमात दिसतात. व्हिल्सचं पुस्तक कुठल्या सिनेमात दिसतं गं?”

“कुठल्याच नाही,” मी म्हटलं. मग वर पोहोचेपर्यंत आमचा तोच विषय चालला.

‘स्टार वॉर्स’चा जन्मच मुळी या न दिसणाऱ्या पोथीपासून झाला. 1973 साली जॉर्ज लुकसने पहिलं जे दोनेक पानांचं टिपण लिहिलं, त्याचं नाव ‘जर्नल ऑफ द व्हिल्स’. लुकसच्या डोक्यात होतं ते असं की, व्हिल्स नावाचे कुणी फार प्राचीन, जाणते जीव आहेत, त्यांनी ही सगळी हकिकत नोंदवून ठेवली आहे आणि आपण वाचतो-बघतो ते त्यातलं एक प्रकरण. पुढे कथा पार बदलली. तरी सिनेमाच्या आधी, 1976 साली, कादंबरी बाजारात आली तेव्हा तिची प्रस्तावना याच ग्रंथातला उतारा म्हणून छापली होती. लुकसची आणखी एक कल्पना तर मला फारच आवडते. सगळं घडून गेल्यावर शंभर वर्षांनी आर-टू-डी-टू हा छोटा यंत्रमानव ही कथा त्या ग्रंथाच्या राखणदाराला सांगतो! नैमिषारण्यात सौती ऋषींना महाभारत सांगतो, त्याच घराण्यातली ही गोष्ट. घडलेलं एकाने बघायचं, दुसऱ्याने सांगायचं, तिसऱ्याने लिहून ठेवायचं.

एवढ्यात तीन नंबरचं लेणं आलं. दर्शनी भागाखाली दगडी यक्ष खांद्यावर सगळा भार पेलून उभे आहेत. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. गौतमी बलश्रीचा. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेलेला, नातू पुळुमावी गादीवर, त्याच्या राज्याचं 19 वं वर्ष चालू. लेणं भिक्खूंना दान देताना या म्हातारीने आपल्या लेकाचं वर्णन कोरून घेतलंय. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असा तो. अक्षरं लहान आहेत, काही झिजली आहेत. मान वर करून भाचा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. “म्हणजे हे सगळं आजी सांगतेय?” हो, आजीच सांगतेय.

थोडं पुढे गेलं की दहा नंबरचं लेणं. हे शक राजा क्षत्रप नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. नहपान म्हणजे सातकर्णीने ज्याचा बीमोड केला तो. या जावयाने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. हे दान निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही लेखातच म्हटलंय. आधी चारचौघांत ऐकवायचं, मग नोंद करायची. मला या डोंगराचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं ते हे, की जिंकणाऱ्याच्या आईचा लेख आणि हरलेल्याच्या जावयाचा लेख एकाच कड्यावर, चार पावलांच्या अंतरावर टिकून आहेत.

आता ‘स्टार वॉर्स’च्याच ‘रोग वन’मधलं (2016) जेडा आठवा. यात्रेकरूंचं पुरातन शहर, कायबर स्फटिकांचं मंदिर आणि त्याचे राखणदार, ‘गार्डियन्स ऑफ द व्हिल्स’. जुलमी सत्ता असलेलं एम्पायर ते मंदिर लुटतं आणि शेवटी अख्खं शहर बेचिराख करतं. तिथे काही कोरलेलं असेल तर तेही गेलं. उरतो तो आंधळा चिरुट इम्वे. जेडाय नसलेला, तोंडाने एकच मंत्र पुटपुटत गोळीबारातून चालत जाणारा. या विश्वातला ग्रंथ माझ्यासाठी त्या माणसाच्या तोंडी आहे. त्या मानाने ‘लास्ट जेडाय’मधल्या झाडाच्या ढोलीतल्या पोथ्या मला थोड्या दिखाऊ वाटतात. जेडायांचा जुना गुरू योडा वीज पाडून झाड जाळतो तो प्रसंग झकास आहे, आणि पोथ्या आधीच रे नावाच्या पोरीने उचलून फाल्कन यानात ठेवल्यात हेही छान. पण एकदा पुस्तक पडद्यावर आलं की ते कथेतली एक वस्तू होऊन जातं. पुढच्याच सिनेमात त्यातल्या नोंदी वाट शोधायच्या कामाला लागल्या.

जागेची निवड मात्र अचूक. त्या भागातली काही दृश्यं आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर चित्रित झाली. तिथे खरोखरच ख्रिस्ती साधू शतकानुशतकं दगडी झोपड्यांत राहिले. अशा कड्यावर राहून कुणी काही जपलं असेल, हे पटवून द्यायला सेट लागत नाही. आपल्या त्रिरश्मीलाही लागणार नाही.

उतरल्यावर पायथ्याच्या फाळके स्मारकात सावलीला बसलो. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी 1917 मध्ये पडद्यावर लंका पेटवून दाखवली होती, पोथीतली गोष्ट कॅमेऱ्यात आणून. भाच्याने तोच धागा पकडला. “मग व्हिल्सचं पुस्तकही दाखवायला पाहिजे ना, मावशी?”

“नको. पानं दिसली की व्हिल्सनी काय लिहिलंय यावर वाद सुरू होतील.”

“बरं, पुस्तक नको. पण आर-टू ते सांगतोय आणि समोरचा लिहून घेतोय, एवढं तरी?”

ते मात्र चालेल. त्या एका प्रसंगासाठी मी पहिल्या दिवसाचा पहिला खेळ बघायला जाईन, आणि तिकीट दोघांचं काढेन.