वेताची नोंद: खोड अजून उठलेलं नाही

पावसाळा सरता सरता परड्यातल्या वेतांची पाहणी केली. विचारणाऱ्यांना आधीच सांगते, खोड अजून उठलेलं नाही. पानं लांबली, देठावरचे काटे आता हातमोज्यातूनही लागतात, पण वर चढायची घाई एकाही रोपाला नाही.

काळजीचं कारण नाही. वेत माडाच्या कुळातला. आंब्या-फणसाचं खोड वर्षागणिक भरत जातं, या कुळात तशी सोयच नाही. जी काय जाडी कमवायची ती जमिनीलगत, पानांचा झुबका धरून, बसल्या जागी कमवायची आणि मगच वर सुटायचं. त्यात काही वर्षं जातात. एकदा सुटला की मात्र थांबत नाही. मलेशिया-इंडोनेशियातला मनाऊ वेत शंभर मीटरपुढे गेल्याच्या नोंदी आहेत. माझा वेत कॅलॅमस थ्वाइटेसी या जातीचा, सह्याद्रीतला आणि श्रीलंकेतला. लांबीत त्याची मनाऊशी बरोबरी नाही, पण तो बेटाने, म्हणजे एकाच जागी अनेक दांड्यांचा पुंजका करत, वाढतो. एक दांडा कापला तरी बेट जगतं. मनाऊ एकदांडी, कापला की संपला.

बी मिळालं तर ताजंच पेरा. फळावर खवल्यांची साल असते. ती काढून आतला गर चोळून धुवायचा आणि बी सुकू द्यायचं नाही. सुकलं की गेलंच.

या हंगामात जास्त डोकं चाललं ते आधाराच्या झाडांवर. वेताच्या पानाच्या आवरणातून एक लांब चाबूक निघतो. मुळात तो फुलोराच, पण फुलं सोडून नुसते उलटे आकडे धरलेला. त्याने वेत शेजारच्या फांद्या पकडत जातो. मग शेजारी कोण हवं? कोकम नको. रतांबे काढायला हात घालायचा आणि आकड्यांत अडकायचं, कशाला? फणसाचंही तेच, शिवाय त्यावर चढावं लागतं. भेरली माड दिसायला देखणा, पण त्याचे घोस वरून खाली येत जातात आणि शेवटचा घोस पिकला की झाड मरतं. आधारच गेल्यावर वेत कुठे जाणार? शेवटी जांभूळ ठरलं. लाकूड चिवट, पाण्यातही टिकणारं, फांद्या भरपूर. लहान रोपांना त्याची अर्धी सावली मानवते. खोड उठायच्या सुमारास वरच्या काही फांद्या छाटून उजेड द्यायचा.

बोर्निओतल्या डायाक शेतकऱ्यांची रीत मला फार आवडते. डोंगरउतारावर भाताबरोबरच वेत लावायचा. भात निघालं, जमीन पडीक सोडली की रान आपोआप वाढतं आणि त्यावर वेत चढतो. कॅलॅमस सीझियस या तिथल्या वेताची पहिली तोड साधारण 7 ते 10 वर्षांनी. म्हणजे रान उभं ठेवण्यात पैसा. आपल्याकडच्या रबराच्या आणि काजूच्या सपाट बागा बघितल्या की हे हटकून आठवतं.

दरम्यान विकतच्या वेतावर हात बसवणं चालू आहे. खुर्चीच्या बैठकीला लागते ती वरची साल, टोपल्यांना आतला गाभा. सालीच्या पट्ट्या पाण्यात भिजवून, चकचकीत बाजू वर ठेवून सहापदरी जाळी घालते: दोन उभे पदर, दोन आडवे, दोन तिरके. तिरक्यांना वेळ लागतो, पण जाळीला घट्टपणा त्यांनीच येतो. कच्चा दांडा पिकवायची रीत, म्हणजे डिझेल-रॉकेलच्या मिश्रणात उकळून त्यातलं पाणी काढणं, घरी करणार नाही. वास आणि आग, दोन्ही नकोत.

रानातून वेत तोडून आणायचा विचार कुणी करत असेल तर: 1927 च्या वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत वेत आहे. 2017 च्या दुरुस्तीत त्यातून बांबू वगळला, वेत तसाच राहिला. म्हणजे कायद्याच्या लेखी वेत तोडणं हे झाड तोडणंच.

पुढच्या पावसाआधी रोपं वाफ्यातून हलवायची आहेत. वेतात नर-मादी वेगळे, आणि फुलं येईपर्यंत ओळखायची सोय नाही. म्हणून मी सगळी जवळजवळच्या जांभळांखाली लावणार, परड्यात विखरून नाही. जागा एकाच बेटापुरती असेल तर फळाचा नाद सोडा, दांड्यापुरता लावा, आणि पायवाटेपासून बराच आत.