प्रियोळ ते पर्ये सायकलने: कुठली केरी, ते आधी ठरवा

ज्यांना हा फेरा करायचा आहे त्यांनी पहिली गोष्ट पाठ करावी. गोव्यात केरी नावाच्या तीन पंचायती आहेत. पेडण्याची केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, मांद्रे मतदारसंघात. फोंड्याची केरी सावईवेऱ्याच्या बाजूला, प्रियोळ मतदारसंघात. आणि सत्तरीची केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, पर्ये मतदारसंघात. नुसतं "केरीला जायचं" म्हणालात तर तिघांपैकी कुठेही पोचाल. आमच्यातला एक जण पोचला, आणि त्याचे पैसेही गेले. ते पुढे सांगतो.

आम्ही डिचोलीचे. एक मित्र दोडामार्गहून आला होता. निवडणूक जवळ आली की नाक्यावर बसून सगळे मतदारसंघांवर बोलतात, पण हद्द नेमकी कुठून जाते हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून आतल्या भागातले मतदारसंघ सायकलवरून जोडायचे ठरवलं. साखळी, मग आमोण्याच्या पुलावरून खांडोळा, सावईवेरे, फोंड्याची केरी, खांडेपार, उसगाव, गांजे, गुळेली, वाळपई, होंडा, पर्ये, सत्तरीची केरी आणि परत घर. सायकलची सवय असेल तर रस्ते अंगावर येत नाहीत. गिअरची सायकल, दोन ट्यूब, पंप, पाण्याच्या दोन बाटल्या हे गृहीत धरलंय. ज्याला हे नवीन आहे त्याने आधी मयेचं तळं गाठून यावं.

साखळी ते आमोणे रस्ता ठीक. ट्रक असतात, कडेला काळी-तांबडी धूळ असते, तोंडाला फडकं बांधा. यापेक्षा त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखा आहे तो पूल.

आमोण्याहून खांडोळ्याला उतरलात की तुम्ही उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात आलात. पण लोकसभेचा मतदारसंघ बदलत नाही. खांडोळा, बेतकी, सावईवेरे, म्हार्दोळ, मंगेशी हा प्रियोळ मतदारसंघाचा भाग फोंडा तालुक्यात येतो, आणि फोंडा तालुका 2015 साली उत्तर जिल्ह्यातून काढून दक्षिण जिल्ह्याला जोडला. लोकसभेच्या हद्दी मात्र 2008 च्या पुनर्रचनेत ठरलेल्या. पूर्वीचे पणजी आणि मुरगाव हे मतदारसंघ तेव्हा उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा झाले, दोघांना विधानसभेच्या वीस-वीस जागा. फोंडा तालुक्यातल्या चारांपैकी फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिणेत गेले, प्रियोळ उत्तरेत राहिला. म्हणजे 2015 पर्यंत जिल्हा उत्तर आणि खासदार दक्षिणेचा, असे तीन मतदारसंघ होते. जिल्हा बदलला तसे ते तीन सरळ झाले आणि प्रियोळ उलटा पडला. आज प्रियोळकराचा जिल्हाधिकारी मडगावचा आणि खासदार उत्तर गोव्याचा. 1999 पासून उत्तरेत श्रीपाद नाईकच निवडून येतायत. 2024 ला दक्षिणेत कॅप्टन विरियातो फर्नांडिस आले, पण त्या मतदानाशी प्रियोळचा काही संबंध नव्हता.

हे मला आधी माहीत होतं का, तर नाही. उलट निघण्यापूर्वी एका सरकारी कचेरीत एका कारकुनाने छातीठोक सांगितलं होतं, "फोंडा तालुका ना? मग सगळं दक्षिण." खुर्चीवर बसलेला माणूस सांगतो म्हटल्यावर विश्वास ठेवला. खांडोळ्यात चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी वडा तळता तळता ते खोडून काढलं. त्यांना बूथ, वॉर्ड, खासदार, सगळं तोंडपाठ होतं. माझा सल्ला स्पष्ट आहे. हद्दीबद्दल कचेरीतल्या माणसाला शेवटी विचारा. आधी गावातल्या दुकानदाराला, मग बीएलओला, म्हणजे त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या माणसाला. आणि हातात मतदार ओळखपत्र असेल तर 1950 ला फोन लावून किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर क्रमांक टाकून बघा. विधानसभा, भाग क्रमांक, केंद्र, सगळं तिथे येतं.

सावईवेरे सुंदर आहे, माडा-पोफळींतून उतार आहे, अनंताचं देऊळ आहे. बघा आणि पुढे निघा.

मग फोंड्याची केरी आणि भूतखांबचं पठार. नायलॉनच्या कारखान्याविरुद्धचं आंदोलन नव्वदच्या दशकात याच पठारावर झालं. गावाने तो कारखाना उभा राहू दिला नाही. पठारावर चढताना सावली नाही, पाणी नाही. जांभ्याचा दगड खालून तापतो आणि ऊन वरून. सकाळी आठच्या आत चढा. आम्ही साडेअकराला चढलो, कारण खांडोळ्यात वडे खात बसलो होतो, आणि तेव्हापासून संध्याकाळपर्यंत कुणी कुणाशी धड बोललं नाही. दोडामार्गच्या मित्राची मागची रिम तिथेच वाकली. जेमतेम उसगाव तिस्कापर्यंत, म्हणजे उसगावच्या नाक्यापर्यंत आली.

आता ते पिकअप प्रकरण. रात्रीचा मुक्काम सत्तरीच्या केरीत एका ओळखीच्या घरी ठरला होता. तिस्कावर एक पिकअप उभी होती. ड्रायव्हरशी मी स्वतः बोललो. केरी, चोर्ला घाटाखाली, साखळीवरून पुढे. तो म्हणाला, "जाता, बारा शें." बाराशे ठरले. सायकल चढवली, मित्र पुढे बसला, आम्ही बाकीचे गुळेलीच्या रस्त्याला लागलो. मित्राला गोव्यातले रस्ते माहीत नाहीत, त्यात उन्हाने झोप लागलेली. तासाभराने फोन आला, मी पोचलो, पण इथे घाट कुठेच दिसत नाही. तो फोंड्याच्या केरीत होता. ज्या भूतखांबवरून आम्ही सकाळी घाम गाळत आलो, तिथेच त्याला नेऊन उतरवलं होतं.

फोनवर ड्रायव्हर म्हणतो, "तुमी केरी म्हळें, ही केरी." चोर्ला म्हटलेलं त्याला ऐकू आलं नाही म्हणे. आणि सत्तरीच्या केरीला न्यायचं तर आणखी अठराशे. एकूण तीन हजार. मित्र अनोळखी, सायकल मोडलेली, संध्याकाळ होत आलेली. त्याने दिले. मी असतो तर दिले नसते, पंचायतीच्या दारात उभं राहून माणसं गोळा केली असती. उसगावातल्या पिकअपवाल्याला चोर्ला माहीत नाही हे मी मानणार नाही. पुढच्यांनी भाडं ठरवताना तालुक्याचं नाव घ्यावं, "सत्तरीची केरी" म्हणावं, अंजुणे धरणाचं नाव घ्यावं, आणि ते ड्रायव्हरकडून परत म्हणवून घ्यावं. फोनच्या नकाशावर तर विसंबूच नका, तिथे नुसतं केरी टाकलं की पेडण्याचा समुद्रकिनारा आधी येतो. भाडं ठरलं की गाडीचा नंबर लिहून घ्या आणि निम्मे पैसे उतरल्यावर द्या.

उसगावातच आणखी एक गोष्ट दिसली. बसथांब्यावर आमदारांच्या नावाची पाटी होती आणि आमदार वाळपईचे. उसगाव सत्तरी तालुक्यात नाही, तरी विधानसभेला वाळपईत मोडतं. मामलेदार एकीकडचा आणि आमदार दुसरीकडचा. थांब्यावर बसलेली एक बाय म्हणाली, दाखल्याला एका दिशेला जायचं आणि तक्रारीला दुसऱ्या. तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या फायलीत रेशनकार्ड, आधार, घरपट्टीच्या पावत्या, सगळं दोन-दोन प्रतींत होतं. कारण कुठल्या खिडकीवर काय मागतील याची खात्री नाही. ती फाईल बघितल्यावर मला त्या कारकुनाचा पुन्हा राग आला.

गांजे ते गुळेली रस्ता चांगला, काजूच्या बागांतून. गुळेलीत मेळावली गावाचं आंदोलन झालं. आयआयटीसाठी जागा मोजायला गेले तेव्हा गाव आडवा आला, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने ती जागा सोडली. मूळ दुखणं जमिनीच्या कागदाचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या काजू काढणाऱ्या कितीतरी घरांचं नाव एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर मालक म्हणून नाही. सत्तरीत कुठेही चहाला थांबा, बोलणं पाचव्या मिनिटाला इथेच येतं. मतदारसंघ समजून घ्यायचा तर हे ऐकून घ्या, घाई करू नका. दमलो होतो तरी आम्ही तिथे बसलो, आणि सगळ्या फेऱ्यातला तो वेळ सर्वांत कारणी लागला असं मी म्हणेन.

वाळपई हे तालुक्याचं ठिकाण. नगरपालिका आहे, मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी कचेरी इथे आहे. मतदार यादीचं काम याच कचेऱ्यांतून चालतं. नवीन नावाला फॉर्म 6, वगळायला 7, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला 8. पण "सत्तरीचं सगळं वाळपईत होतं" हे जे सांगतात ते अर्धंच खरं. घरपट्टी, रहिवासी दाखला, बांधकाम परवाना पंचायतीत. पंचायत सचिवाकडे बहुधा एकाहून जास्त पंचायती असतात, त्यामुळे तो कुठल्या वारी बसतो ते फोनवर विचारून जा. आम्ही दोन पंचायतींत गेलो, दोन्हीकडे शिपाई आणि पंखा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी एक मुद्दा मुद्दाम लिहितो. पंचायत समिती शोधत बसू नका, गोव्यात ती नाहीच. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आत असेल तर मधला स्तर वगळता येतो अशी घटनेत सोय आहे, आणि गोव्याची अगदी 2011 च्या जनगणनेतही 14,58,545च होती. म्हणून 1994 च्या पंचायत राज कायद्याने दोनच स्तर ठेवले, खाली 191 ग्रामपंचायती आणि वर जिल्हा पंचायती. दोडामार्गचा मित्र वाळपईत सभापतींची कचेरी विचारत होता. तालुक्याला गटविकास अधिकारी बसतो, पण निवडून आलेलं कुणी त्या पातळीवर नाही.

होंडा तिस्कावर पाणी भरा. तिथून साखळीच्या बाजूने पर्ये. सत्तरी तालुक्यात दोनच मतदारसंघ, वाळपई आणि पर्ये, आणि होंडा पर्येत. प्रतापसिंह राणे 1972 पासून 2022 पर्यंत आमदार होते, पन्नास वर्षं. 2022 ला पर्येत त्यांच्या सूनबाई देविया राणे जवळजवळ चौदा हजारांच्या फरकाने निवडून आल्या. शेजारच्या साखळीत त्याच निवडणुकीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी आले. गोव्यातला मतदारसंघ साधारण पंचवीस ते पस्तीस हजार मतदारांचा. दोन-तीन वाड्या फिरल्या की निकाल फिरतो, आणि म्हणून इथला आमदार तुमच्या घरच्या बारशालाही दिसतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून लोकांशी बोलावं. इथे राजकारणाबद्दल विचारणं म्हणजे त्यांच्या नात्यागोत्याबद्दल विचारणं आहे. पहिल्याच वाक्यात "तुम्ही कोणाला मत देता" विचारलंत तर चहासुद्धा मिळणार नाही.

पर्ये ते केरी रस्त्यावर मला काही त्रास झाला नाही. चोर्ल्याकडे जाणारी वाहनं वेगात असतात, एकामागून एक चाला, अंधार पडायच्या आत पोचा. मित्र आमच्या आधी पोचला होता, तीन हजार घालवून. रिम दुसऱ्या दिवशी साखळीला बदलली.

हा फेरा करावा का? करावा. पण उलट्या दिशेने करा. आधी सत्तरी, वाळपई, गुळेली, उसगाव, आणि भूतखांब दुसऱ्या दिवशी पहाटे. पावसाळ्यात नको. मार्च-एप्रिलमध्येही नको, काजूचा हंगाम असतो आणि लोकांना बोलायला वेळ नसतो. नोव्हेंबर-डिसेंबर बरा. कचेरीचं काम असेल तर सकाळी दहाला दारात हजर राहा, दुपारी जेवणानंतर गेलात तर उद्या या म्हणतील. सोबत ओळखपत्राच्या प्रती ठेवा. उसगाव तिस्कावरून पिकअप करू नका, फोंड्याहून बस धरा आणि सायकल टपावर टाका. कंडक्टर आधी नाही म्हणतो, मग घेतो.