जानेवारीच्या पावसात म्यूर वुड्स

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात आलेल्या पाहुण्यांना म्यूर वुड्स बहुतेक वेळा उन्हाळ्यात दाखवलं जातं. मला हे रेडवूडचं जंगल जानेवारीतच आवडतं. इथला पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे जंगलाच्या मधोमध वाहणारा रेडवूड क्रीक हा ओढा तेव्हाच खऱ्या अर्थाने जिवंत असतो. यंदा संक्रांतीच्या सुमारास आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून गेलो. भारतातून आलेले आईवडील आणि शाळकरी मुलंही बरोबर होती.

आधी पार्किंग. गाडीने जायचं तर आगाऊ आरक्षण करावंच लागतं, २०१८ पासून हा नियम आहे. रस्त्याकडेला गाडी लावता येत नाही. खाली दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून प्रत्येक गाडीसाठी आरक्षणाची छापील प्रत दिली आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं तेही घरूनच ठरवलं. शेवटच्या वळणांवर मळमळतं, तेव्हा आवळासुपारी हाताशी असलेली बरी. आत खाणंपिणं मांडून बसायला परवानगी नाही, त्यामुळे तिळगूळ आणि थालीपीठं गाडीतच ठेवली.

सह्याद्रीत ट्रेकला सर्वांत पुढे लीड आणि सर्वांत मागे बॅकलीड असतात, तशीच माणसं इथेही नेमली. फरक एवढाच केला की लीडच्या लगेच मागे गुडघे दुखणाऱ्या काकूंना ठेवलं. त्यांच्या चालीने सगळा गट चालला. थंडी बोचरी नव्हती, पण ओल अंगात शिरत होती. वरून रेनकोट, आत लोकरीचं काहीतरी आणि पायात पकड असलेले बूट एवढं पुरलं. मुख्य वाट बरीचशी लाकडी फळ्यांची आहे आणि ओल्या फळीवर पाय सटकतो. तरी फळ्या सोडून उतरायचं नाही, हे मुलांना बजावलं होतं. इतक्या उंच झाडांची मुळं जेमतेम तीन-चार मीटर खोल जातात आणि आडवी दूरवर पसरतात. वरची माती तुडवून घट्ट झाली की त्यांना त्रास होतो.

इथली सर्वांत उंच झाडं २५० फुटांच्या वर आहेत आणि बरीचशी ६०० ते ८०० वर्षांची. काही बुंधे आतून जळून पोकळ झालेत, तरी वर हिरवे आहेत. जाड साल आणि तिच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांमुळे आग आणि किडी दोन्ही झेलता येतात. काकू कोकणातल्या. एका बुंध्यापाशी थांबून म्हणाल्या, “अगो, ही तर देवराईच. पण हिला राखलंन् कोणी?”

राखलं विल्यम आणि एलिझाबेथ केंट या दांपत्याने. १९०५ साली त्यांनी इथली ६११ एकर जमीन ४५,००० डॉलरना विकत घेतली. पुढे एका पाणी कंपनीला धरणासाठी ही दरी हवी झाली आणि ती कोर्टात गेली. तेव्हा केंटनी २९५ एकर थेट केंद्र सरकारला देऊन टाकली आणि ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. केंटचं नाव द्यायचं ठरत होतं, पण त्यांनी निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या जॉन म्यूर यांचंच हवं असा आग्रह धरला.

आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो ते पुलांवर. हिवाळ्यात कोहो सॅमन मासे समुद्रातून याच ओढ्यात अंडी घालायला परततात. आता ते फार थोडे उरलेत. १९३० च्या दशकात काठांना दगडी बांध घातले गेले, त्याने पाण्याला सरळ वेग आला आणि पिल्लांना विसाव्याचे डोह राहिले नाहीत. अलीकडे त्यातले बरेच दगड काढून पाण्यात मुद्दाम ओंडके टाकलेत. पडलेलं झाड म्हणजे कचरा नाही, माशाचं घर आहे, हे मुलांना त्या ओंडक्यांमागचं संथ पाणी बघूनच पटलं. तास-दीड तास पाण्यात डोळे लावूनही आम्हाला मासा दिसला नाही. मोठा पाऊस होऊन पाणी निवळलं की शक्यता जास्त असते.

तिथून जवळच्या म्यूर बीचवर गेलो. हाच ओढा तिथे समुद्राला मिळतो. वाऱ्यात थालीपीठं खाल्ली, तिळगूळ वाटला. पुढच्या खेपेला डिसेंबरअखेर यायचं आणि पार्किंग सकाळी आठचं घ्यायचं, असं तिथेच ठरलं. काकूंचा मुक्काम तोवर असेल.